जुन्या वस्तूंच्या यादीत रकाने कोणते ठेवावेत?

गोदाकाठ: पैठणला आमच्या वाड्यातली भांडी, मोडी कागद, हिमरूच्या शाली सगळं एक्सेलमधी लिहायलोत. मी 'शाल' लिहितो, भाऊ 'वस्त्र', मग शोधलं की अर्धंच सापडतंय. काय करावं?

जुनीवही: डब्लिन कोअर बघा, म्हणजे वस्तूंच्या नोंदीसाठी ठरलेला रकान्यांचा साचा, १५च रकाने हायेत, शीर्षक, कर्ता, विषय, तारीख असे. पण खरी गोम शब्दांत हाय, आधी ठरलेल्या शब्दांची यादी करा अन् त्याच्या बाहेरचं कुणी टाईपच करायचं नाही, भाऊ असला तरी.

तेरवाला: मोडी कागदावरचं शक जसंच्या तसं ठेवा, इसवी सन वेगळ्या रकान्यात. सन काढताना शकात सरसकट ७८ मिळवू नका, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ लागतात. आम्ही लई कागद परत तपासले.

गोदाकाठ: अन् नंबर?

जुनीवही: एका वस्तूला एकच. वस्तू फुटली तरी तो दुसरीला द्यायचा नाही.