'लेट डोमेन'ला मराठीत काय म्हणावं?

एचआयव्हीवर मराठीत लेख लिहायला घेतलाय आणि 'लेट डोमेन'पाशी गाडं अडलंय. 'विलंबित क्षेत्र' लिहून बघितलं तर रेल्वेची अनाउन्समेंट वाटतेय, 'कै. क्षेत्र' लिहिलं नाही हेच नशीब. शिवाय बडिंगला, म्हणजे व्हायरस पेशीतून बाहेर पडतो त्या क्रियेला, काय घेऊ, शाळेत यीस्टचं कलिकायन होतं नि हायड्राचं मुकुलायन, व्हायरसचं यातलं कुठलं?

—

ताई, लेट म्हणजे शेवटच्या टप्प्यात लागणारं. १९९१ मध्ये एचआयव्हीच्या गॅग प्रथिनाचा (व्हायरसचा सांगाडा यातूनच घडतो) पी६ हा शेपटाकडचा तुकडा बिघडवून बघितला, तर व्हायरस घडत होते, पेशीचं पटल फुगून वर येत होतं, पण देठ काही तुटेना, सगळे तिथेच लोंबकळत. म्हणून लेट. आणि डोमेन हे नावच मुळात चुकलंय, डोमेन म्हणजे प्रथिनाचा स्वतःच्या स्वतः घडी घालून बसणारा भाग, इथे आहेत जेमतेम चार अमिनो आम्लं, प्रोलीन-थ्रिओनीन-ॲलनीन-प्रोलीन, लॅबमध्ये पीटॅप म्हणतात. एवढीशी खूण धरून पेशीचं टीएसजी१०१ नावाचं प्रथिन येऊन चिकटतं, खरं डोमेन आहे ते त्याच्याकडे. मी तरी 'क्षेत्र' घेणार नाही, 'सोडवणखूण' म्हणेन.

—

सोडवणखूण झकास! पण कलिकायन नको हो. यीस्टचं पिल्लू यीस्टच असतं, व्हायरस म्हणजे पेशीचंच पटल पांघरून पळालेला परका. 'देठ खुडणं' म्हणा. मला तर हे उकडीच्या मोदकासारखं वाटतं, कळ्या वर गोळा करायच्या, चिमटीत धरून पिळायच्या आणि जास्तीची उकड काढून टाकायची.

—

मोदकाला हरकत एकच, चिमूट बाहेरून बसते. पेशी काही आत ओढून घेते तेव्हा डायनॅमिन हे प्रथिन मानेभोवती बाहेरून वेटोळं घालतं, तिथे मोदक चपखल बसतो. व्हायरस बाहेर पडताना मात्र कारागीर देठाच्या पोकळीत आतून काम करतात, एस्कॉर्ट-३ या पेशीच्या प्रथिनांची वेटोळी आतूनच पटल आवळत आणतात आणि व्हीपीएस४ हे प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून ती मोडतं. ही कात्री व्हायरसची नव्हेच, पेशी स्वतः दोन होताना शेवटचा धागा तोडायला हीच वापरते. आणि खुणाही एकाच प्रकारच्या नसतात, इबोलाच्या व्हीपी४० प्रथिनामध्ये दोन खुणा एकमेकींत अडकल्यात, पीटॅपचा शेवटचा प्रोलीन तोच पुढच्या खुणेचा पहिला! त्या दुसरीला टीएसजी१०१ नाही, नेड४ घराण्यातली प्रथिनं धरतात.

—

मग खुडणंही नको, खुडणारा हात बाहेरचा असतो ना. 'देठ सुटणं'? आंबा सुटतो तसं?

—

आंब्याला एटीपी लागत नाही पण चालेल, निदान वाचणाऱ्याला चित्र दिसतं.

—

ठरलं तर, पहिल्यांदा एकदाच कलिकायन लिहिते म्हणजे शाळेची आठवण असलेले हरवणार नाहीत, पुढे सगळीकडे देठ सुटणं. सोडवणखूणही घेतली. टीएसजी१०१ चं भाषांतर मात्र कृपया कुणी सुचवू नका.