बर्फावरची मासेमारी आणि कॅनू: दोन्हीकडे चालेल असा फिश फाइंडर कोणता घ्यावा?

गोराईकर
नमस्कार मंडळी. माझे थोरले बंधू कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, सिमको सरोवराच्या काठावरील बॅरी या गावी राहतात. येत्या जानेवारीत मी त्यांच्याकडे जाणार असून, गोठलेल्या सरोवराला भोक पाडून गळ सोडण्याचा आमचा बेत आहे. उन्हाळ्यात पुन्हा जाणे झाले, तर अल्गॉन्क्विन उद्यानात कॅनूने (वल्ह्याच्या हलक्या होडीने) फिरायचे आहे. तिथे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना होडीसकट सगळे सामान खांद्यावरून वाहून न्यावे लागते, असे दादा सांगतो. यासाठी मला फिश फाइंडर, म्हणजे ध्वनीच्या साहाय्याने पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारे यंत्र, घ्यायचे आहे. उरलेल्या काळात हेच यंत्र मी गोराई-मनोरीच्या खाडीत माझ्या कयाकवर वापरेन.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत: पाण्यात फेकायचा, मोबाइलवर चित्र दाखवणारा डीपर कंपनीचा चेंडू, बॅटरी आणि पिशवीसह येणारा, स्वतःचा पडदा असलेला गार्मिन स्ट्रायकर ४, किंवा मुख्यतः बर्फासाठी वापरला जाणारा व्हेक्सिलारचा गोल तबकडीचा फ्लॅशर. भाऊच्या धक्क्याच्या बाजूला चौकशी केली, पण तिथे ट्रॉलरवर बसवायच्या अवजड संचांपलीकडे कोणी बोलायला तयार नव्हते. एकाच यंत्रात दोन्ही कामे भागतील का?

तळठाव
भागतील, मात्र त्यासाठी पडद्यापेक्षा पाण्यात बुडणाऱ्या ट्रान्सड्यूसरकडे आधी पाहा, कारण खरे काम तोच करतो. त्यातून निघणारा ध्वनी शंकूच्या आकारात खाली पसरतो आणि तळावरून किंवा माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून परत येतो. २०० किलोहर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनीचा शंकू साधारण २० अंशांचा धरला, तर ३० मीटर खोलीवर त्याचा व्यास साडेदहा मीटरच्या आसपास भरतो. ६० अंशांचा शंकू तेवढ्याच खोलीवर जवळजवळ ३५ मीटरचा पट्टा व्यापतो. बॅरीसमोरचा केम्पेनफेल्ट उपसागर ४० मीटरपर्यंत खोल आहे. तिथे रुंद शंकू लावून बसलात, तर पडद्यावरचा मासा तुमच्या गळाखाली आहे की पंधरा मीटर बाजूला, हे कळायला काहीच मार्ग उरत नाही. उलट कॅनूतून अनोळखी तळे धुंडाळताना रुंद शंकूचाच उपयोग अधिक होतो. म्हणून दोन्ही प्रकारचे शंकू देणारे, निदान ट्रान्सड्यूसर बदलता येईल असे यंत्र घ्यावे.

पडद्यावर मासा कमानीसारखा दिसतो, असे आपण जाहिरातींत पाहतो. ती कमान उमटते ती होडी पुढे सरकत असताना: मासा शंकूच्या कडेला असतो तेव्हा अंतर जास्त, मधोमध येतो तेव्हा कमी, आणि पुन्हा जास्त. बर्फावर तुम्ही एका जागी बसलेले असता, त्यामुळे थांबलेला मासा सरळ रेघेसारखा दिसतो आणि वर येऊ लागला की ती रेघ तिरकी होते. तुमच्या लहानशा जिगचीही (दोरीला लावून वरखाली हलवायच्या वजनदार गळाचीही) अशीच एक बारीक रेघ दिसते. तुम्ही जिग हलवता, खालून दुसरी जाड रेघ तिच्याकडे चढत येते आणि दोन्ही एकत्र होतात, तेव्हा हात तयार ठेवायचा. (बर्फावरच्या मासेमारीची निम्मी गंमत या खेळात आहे, असे माझे मत.) फ्लॅशर हेच दृश्य तबकडीवर त्या क्षणी रंगांत दाखवतो, व्हेक्सिलारच्या तीनरंगी तबकडीत हिरवा म्हणजे क्षीण प्रतिध्वनी, नारिंगी मध्यम आणि तांबडा जोरदार. स्ट्रायकरमध्येही फ्लॅशरसारखे चित्र निवडता येते, शिवाय जीपीएस असल्यामुळे चांगल्या जागेची खूण ठेवता येते. त्यामुळे तुमच्या गरजेला स्वतंत्र फ्लॅशर घेण्याचे कारण मला दिसत नाही.

चेंडूचे म्हणाल, तर तो भोकात तरंगतो आणि वापरताही येतो, पण चित्र मोबाइलवर येते. उणे १५ अंशांत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते आणि जाड हातमोजे घालून पडदा चालवता येत नाही.

वल्हेकरी
वरील प्रतिसाद बर्फापुरता मान्य आहे, पण कॅनूच्या बाबतीत मी चेंडूच्याच बाजूने मत देईन. सुमारे १०० ग्रॅमचा चेंडू खिशात जातो, तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची साधी शिसे-आम्ल बॅटरी एकटीच दोन किलोंच्या वर भरते. खांद्यावर कॅनू घेऊन चिखलातून चालणाऱ्या माणसाला हा फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. वाय-फाय पाण्यातून जात नसल्यामुळे चेंडू पृष्ठभागावर तरंगता राहिला पाहिजे, एवढे पथ्य मात्र पाळावे. आपण वर्षातून बर्फावर किती दिवस बसणार आणि वल्हे किती दिवस मारणार, याचा आधी विचार करावा.

गोराईकर
दोघांचेही आभार. बर्फ आणि खाडी हेच माझे मुख्य उपयोग असल्यामुळे स्ट्रायकरकडे कल झुकतो आहे. वजनासाठी लिथियम बॅटरी घेतली तर विमानात अडवतील का? आणि कयाकला भोक न पाडता ट्रान्सड्यूसर बसवता येतो का?

तळठाव
सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही. ती हातातल्या बॅगेत, टोके झाकून न्यावी. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १२.८ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८९.६ वॉट-तासांची होते, म्हणजे ती मर्यादेत बसते. पण विमान कंपनीचे नियम निघण्यापूर्वी वाचावेत. थंडीत ही बॅटरी शिसे-आम्लापेक्षा चांगली टिकते, मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. बर्फावरून परतल्यावर घरात आणून, उबेला आल्यावरच चार्जरला लावावी.

कयाक एकसंध प्लॅस्टिकची असेल, तर तळाच्या आतल्या बाजूला ट्रान्सड्यूसर सिलिकॉनने चिकटवता येतो, फक्त मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये. तळात फोमचा थर असेल, तर ध्वनी त्यातून जात नाही. मग काठाला क्लॅम्प लावून दांड्याने तो पाण्यात सोडावा. दादांच्या कॅनूलाही तोच दांडा चालेल. आतून चिकटवलेला ट्रान्सड्यूसर तापमान मात्र होडीच्या तळाचे दाखवतो, पाण्याचे नव्हे.

गोराईला परत आल्यावर सेटिंगमध्ये गोडे पाणी बदलून खारे करायला विसरू नका. बर्फाखालच्या थंड, गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४०० मीटर असतो आणि आपल्या कोमट, खाऱ्या पाण्यात तो १,५०० च्या वर जातो, त्यामुळे खोलीचा आकडा चुकतो. खाडीच्या गाळाचा तळ पडद्यावर जाड आणि पुसट दिसेल. खडकाळ तळासारखी कडक रेघ तिथे शोधू नका. उधाणाच्या भरतीला गाळ ढवळला जाऊन पडदा ठिपक्यांनी भरतो आणि त्या प्रत्येक ठिपक्याला जिताडा समजण्याचा मोह होतो. त्यापेक्षा यंत्राची पहिली ओळख भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याच्या, दिवसांत करून घ्यावी, आणि माशाचे चित्र काढून दाखवणारी सोय बंदच ठेवावी.