शब्दचर्चा : पारा

पेपरातला ‘सोलापूरचा पारा ४३ वर’ हा मथळा वाचून भाचीनं विचारलं, “मामा, पारा म्हणजे ऊन ना?” तिची चूक नाही. तिच्या घरचा थर्मामीटर आकडे दाखवतो, पारा तिनं कधी पाहिलेलाच नाही.

मी पाहिलाय. लहानपणी सोलापूरच्या साखर पेठेत राहायचो, तेव्हा थर्मामीटर हातातून निसटला आणि शहाबादी फरशीवर चांदीचे मणी पळायला लागले. बोट लावलं की एकाचे दोन, जवळ ढकलले की पुन्हा एकच. आई आतून ओरडली, “पाऱ्याला हात लावू नको!” शेजारच्या तेलुगू आजी दारात येऊन “पादरसम्, पादरसम्” म्हणू लागल्या. (दोघींचं ओरडणं रास्तच होतं, पाऱ्याची वाफ विषारी असते.)

आजींच्या शब्दातला ‘रस’ हे संस्कृतात पाऱ्याचंच नाव. रसशास्त्रातला, म्हणजे पारा आणि धातूंपासून औषधं करण्याच्या आयुर्वेदातल्या विद्येतला, रसही तोच. कन्नडातही पादरस. अमरकोशात पाऱ्याला चपल, रस, सूत अशी नावं आहेत. आपला पारा मात्र ‘पारद’वरून, प्राकृतातून झिजत आलेला. रसशास्त्राच्या परंपरेत पारदाची फोड ‘संसाराच्या पार नेणारा’ अशी करतात. भाषाशास्त्राला ती पटो न पटो, मला ती फार आवडते. ज्यांनी ती केली त्यांना या धातूत केवढी आशा दिसली असेल!

युरोपात नजर त्याच्या रूपावर आणि धावण्यावर गेली. ग्रीक हायड्रार्जिरॉस म्हणजे पाण्यासारखी चांदी. ‘एचजी’ ही रासायनिक खूण त्याच्याच लॅटिन रूपातून आली. इंग्रजी क्विकसिल्व्हरमधलं ‘क्विक’ म्हणजे घाई नव्हे, जुन्या अर्थानं जिवंत. आणि मर्क्युरी? किमयागारांनी सात धातू सात ग्रहांना वाटून दिले होते: सोनं सूर्याला, चांदी चंद्राला, लोखंड मंगळाला. पाऱ्याच्या वाट्याला आला रोमन देवांचा पळता निरोप्या, म्हणजे आपला बुध. इतर धातूंची ग्रहनावं मागे पडली, हे एकच रोजच्या वापरात राहिलं. आपल्याकडे बुध आणि पारा या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

‘पारा चढणे’ मात्र पारदाइतकं जुनं असूच शकत नाही. फॅरनहाइटनं पाऱ्याचा तापमापक केला १७१४ च्या सुमारास. नळीतला पारा वर सरकताना दिसू लागल्यावरच माणसाचा रागही चढू-उतरू लागला असणार. आता पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानंतर दवाखान्यांतूनही पारा हटतोय. मथळ्यात तो तेवढा राहिलाय.

भाचीला म्हटलं, पारा म्हणजे ऊन नव्हे, ऊन मोजणारी चांदी.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू मंडळींना एक विचारायचंय: तुमच्या घरी तेलुगूत बोलताना कुणाचं डोकं तापलं, तर ‘पादरसम्’ चढतं का?