मोहिनी, वशीकरण की संमोहन? शब्द सुचवा
अमेरिकन लेखक हॉथॉर्नची 'द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स' (१८५१) ही कादंबरी वाचतेय. त्यातली ॲलिस पिंचनची गोष्ट मैत्रिणीला मराठीत सांगताना अडले. मॅथ्यू मॉल नावाचा सुतार तिच्यावर मेस्मेरिझमचा (हातवारे करून समोरच्याला गुंगवून ताब्यात घ्यायची विद्या) प्रयोग करतो आणि मग ती मरेपर्यंत त्याच्या मुठीत, तो घरबसल्या म्हणाला हस की ही हसणार, नाच की नाचणार, मग प्रार्थना चालू असो नाहीतर कुणाची मयत. मी 'मोहिनी घातली' म्हणाले तर मैत्रीण विचारते, म्हणजे ती प्रेमात पडली का त्याच्या?

—

मैत्रिणीचं बरोबर आहे. मोहिनी घालणारी आपल्याकडे बाई असते, विष्णूलासुद्धा त्यासाठी बाईचं रूप घ्यावं लागलं. शिवाय त्यात भुलणाऱ्याची थोडी खुशी धरलेली असते, इथे ॲलिसची कुठेय? अमेरिकेतल्या मेन प्रांतातल्या जमिनीचा हरवलेला कागद सापडेल म्हणून तिचा बापच हे होऊ देतो! 'संमोहन'ला दवाखान्याचा वास येतो. मी सरळ 'वश केलं' म्हणेन.

—

'वश'ची पंचाईत अशी की वशीकरण म्हटलं की लोकलमधली बाबा-बुवांची स्टिकरं आठवतात. 'भारणे' कसं वाटतं? भारलेला दोरा, भारलेलं पाणी म्हणतो ते. हेन्री जेम्सच्या 'द बॉस्टोनियन्स' कादंबरीत (१८८६) तर हा शब्द दोन्हीकडून बसतो, त्यातली तरुण व्हेरेना स्त्रियांच्या हक्कांवर बोलते नि लोक भारावतात, पण बोलायच्या आधी तिचा बाप डोक्यावर हात ठेवून तिला भारतो, म्हणजे सभेत बाईचा आवाज आणि मागे हात पुरुषाचा. शेवटी तिच्या प्रेमात पडलेला बॅसिल रॅन्सम तिला हॉलमधून नेतो ते मात्र दंडाच्या जोरावर, तिथे 'ओढून नेलं' असंच लिहायला हवं, उगाच मोहिनीबिहिनी नको.

—

दोघांचे खूप आभार. 'भारली' व्हेरेनाला चपखल आहे पण ॲलिससाठी मला मऊ वाटतो. मॉलच्या लग्नाच्या रात्री तिला त्याच्या बायकोच्या सेवेला जावं लागतं, परतताना पातळ सपाता भिजतात, सर्दी होते आणि त्यातच ती जाते. मी 'ताबा घेतला' लिहिलंय, भूत घेतं तसा, कारण मॉलच्या आजोबाला चेटक्या म्हणूनच फाशी दिलेलं असतं.

आता त्याच कादंबरीतल्या, बऱ्याच पिढ्यांनंतरच्या हॉलग्रेव्हचं बघा, तो याच मॉल घराण्यातला. ॲलिसची ही गोष्ट सांगता सांगता समोरची फीबी, पिंचन घराण्यातली, गुंगायला लागते, अजून थोडं केलं असतं तर तीही गेली असती, आणि तो तिथेच थांबतो. हॉथॉर्नने १८४१ मध्ये होणाऱ्या बायकोला, सोफियाला, पत्रातून कळकळीने सांगितलेलं की डोकेदुखीवर मेस्मेरिझमचा उपाय करू नकोस. ते माहीत असल्यामुळे मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. तिथे मी 'त्याने हात आवरला' एवढंच लिहिलंय.