'निनावी' की 'गोपनीय': संमतीपत्रात काय लिहावं?

विचारणा: टीवायच्या मुलांची मानसशास्त्राच्या प्रोजेक्टची संमतीपत्रं तपासतेय. 'आपली माहिती निनावी व गोपनीय राहील' हे वाक्य झाडून सगळ्यांनी लिहिलंय. दोन्ही शब्द एकत्र चालतात का?

उत्तर: सहसा नाही, ताई. निनावी म्हणजे उत्तर कोणाचं हे संशोधकालाही कळत नाही. गोपनीय म्हणजे त्याला ठाऊक असतं, पण तो बाहेर फोडत नाही. समोरासमोरची मुलाखत निनावी होऊच शकत नाही. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करायची सोय चालू राहिली किंवा शेवटी सर्टिफिकेटसाठी नाव विचारलं, की निनावीपणा संपला.

दुसरं उत्तर: मधला प्रकार राहिला, 'सांकेतिक', म्हणजे नावाऐवजी कोड. चिंतेची प्रश्नावली सत्राच्या सुरुवातीला आणि परीक्षेच्या तोंडावर अशी दोनदा भरून घ्यायची, तर एकाच माणसाच्या दोन उत्तरांची जोडी लावावी लागते. मुलं बिनदिक्कत रोल नंबर मागतात आणि वर 'निनावी' लिहितात! त्यापेक्षा भरणाऱ्यालाच कोड बनवू द्या: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेतला दिवस, मोबाईलचे शेवटचे दोन आकडे. नमुना फॉर्मवर छापाच. एकदा 'म' आणि पुढच्या वेळी 'मा' लिहिलं, की जोडी फुटते.

आणि नाव गाळलं म्हणजे काम झालं असं नाही. 60 जणांच्या वर्गात मुलगे चारच असतील, तर 'पुरुष, वय 23, कसाऱ्याहून येतो' एवढ्यावर कोणीही ओळखेल. वय गटात विचारा, स्टेशनऐवजी प्रवासाला लागणारा वेळ विचारा, आणि पाचपेक्षा कमी माणसांचा गट तक्त्यात वेगळा दाखवू नका.

पहिल्याची पुरवणी: त्याच पत्रात 'केव्हाही माघार घेता येईल' असंही असतं. निनावी उत्तर एकदा सबमिट झालं की शोधणार कुठून? तिथे 'सबमिट करेपर्यंत' लिहा. गोपनीय असेल तर विश्लेषणाआधीची एक तारीख द्या.

तिसरं उत्तर: 'पूर्णपणे गोपनीय' असेल तर 'पूर्णपणे' खोडा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं मुलाखतीत कळलं, तर पोक्सो कायदा, 2012च्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ही मर्यादा पहिल्या प्रश्नाआधी सांगायची. तोंडून गोष्ट निघून गेल्यावर सांगणं म्हणजे विश्वासघात. अकरावी-बारावीची 18 वर्षांखालची मुलं घेत असाल तर पालकांची संमती हवी, शिवाय मुलाचा स्वतःचा लेखी होकार.

विचारणा: मग मुलाखतवाल्यांना नेमकं काय लिहायला सांगू?

दुसरं उत्तर: 'आपलं नाव फक्त संशोधक व मार्गदर्शकांना माहीत असेल. अहवालात नाव बदललेलं असेल. रेकॉर्डिंग लिहून काढल्यावर पुसलं जाईल.' 'टोपणनाव' मात्र लिहू नका. लोक खुशाल 'बंड्या' म्हणून घरचं नाव सांगतात, आणि अख्खी चाळ त्यांना त्याच नावाने ओळखत असते.