‘स्वस्त’ आणि ‘हलकं’: सीमाभागात काय म्हणतात?

शहापूरकर

बेळगावात हल्ली गल्लोगल्ली ‘कुठलीही वस्तू उचला, एकच भाव’ अशी दुकानं झाली आहेत. तिथली बादली घरी येते, पंधरा दिवसांत कडीचा कान तुटतो आणि भरलेली बादली पायावर पडते. मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘स्वस्तातलं आणलंस, असंच होणार की!’

मला हे वाक्य टोचतं. कान तुटला तो प्लास्टिक पातळ ओतलं होतं म्हणून, भाव कमी होता म्हणून नव्हे. आमच्या आजीच्या बोलण्यात हे दोन शब्द कधी एकत्र यायचे नाहीत. कमी पैशात मिळालं ते ‘स्वस्त’, अंगात दम नाही ते ‘हलकं’. आठवडी बाजारातली मातीची घागर स्वस्त असायची, पण तिला हलकी म्हटलेलं मी ऐकलं नाही. उलट लग्नात आलेल्या एखाद्या भारी किमतीच्या साडीला ती सरळ म्हणायची, ‘सूत हलकं आहे गे.’ आता हलकं म्हणायच्या जागी सगळे स्वस्तच म्हणतात. तुमच्या गावी अशा मालाला काय म्हणतात?

निपाणकर

आमच्याकडं ‘हरमाल’ हे नामच झालंय. ‘हर माल दस रुपया’ असं भोंग्यावर ओरडत गाडे यायचे, त्यातलं ‘हर माल’ तेवढं राहिलं. ‘ही कात्री हरमालातली दिसते’ म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही.

‘तकलादू’ अजून चांगला चालतो. तो मोडक्या वस्तूला लागत नाही, हे ध्यानात घ्या. वस्तू धड दिसते, पण जोर पडला की टिकणार नाही, तेव्हा ती तकलादू. खुर्ची मोडायच्या आधी वापरायचा शब्द आहे हा. मोडल्यावर ती भंगार.

आणि ‘कचकड्याचं’. जुन्या कोशांत कचकडं म्हणजे कासवाच्या पाठीचं कवच, म्हणजे चांगली मोलाची चीज. पुढं सेल्युलॉइडच्या वस्तूंना तेच नाव पडलं, कचकड्याच्या बाहुल्या आल्या, आणि शब्दाचा भाव उतरला. आता नुसतं दिसायला छान आणि हात लावला की मोडणारं ते कचकड्याचं.

चिकोडीकर

आम्ही घरात मराठी आणि दुकानात कन्नड बोलतो, त्यामुळं शब्द दोन्हीकडचे तोंडात असतात. कन्नडमध्ये स्वस्ताला ‘अग्ग’, पण आपल्या उत्तर कर्नाटकात ‘सोवी’ जास्त ऐकू येतं. महागाला ‘तुट्टी’. महागाई भत्त्याला सरकारी कागदावरही ‘तुट्टी भत्ते’च म्हणतात.

तुमच्या प्रश्नाला नेमका बसणारा शब्द मात्र ‘कळपे’. कळपे म्हणजे निकृष्ट, त्यात भावाचा काही संबंध नाही. रस्ता वर्षात उखडला की कन्नड पेपरात ‘कळपे कामगारी’ म्हणून बातमी येते. मराठी पेपरात तेच ‘निकृष्ट दर्जाचे काम’ होतं, आणि ते काही तोंडात बसत नाही. कळपे रस्ता कोट्यवधींचा असू शकतो, तरी त्याला कोणी सोवी म्हणत नाही. आजींचा मुद्दा कन्नडने जपून ठेवलाय म्हणा.

खानापूरकर

आमच्या जांबोटी भागात कोकणीच्या वळणाचं बोलणारे लोक स्वस्ताला ‘सवाय’ म्हणतात. मराठीतला ‘सवंग’ही मुळात स्वस्तच. संस्कृत महार्घचं महाग झालं, समर्घचं सवंग. महाग जागच्या जागी राहिला, सवंग मात्र घसरला. आता सवंग लोकप्रियता, सवंग विनोद एवढंच उरलंय, बाजारात जाऊन ‘कांदा सवंग झाला’ कोणी म्हणत नाही. शहापूरकर, ‘स्वस्त’ही त्याच वाटेनं चाललाय. तुमची काळजी रास्त आहे.

अथणीहून एक ताई

‘डुप्लिकेट’ राहिला. आमच्याकडं चपलांमुळं तो रोजचा आहे.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आहेत. अथणी आणि निपाणीकडं हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावलेलं कातडं, शिवायला चामड्याचीच वादी, खिळा नाही. पट्ट्यावरची वेणी घालायचं काम बऱ्याच घरांत बायाच करतात.

सेलमधली ‘कोल्हापुरी’ उलटी करून बघा. वरचा पट्टा रेक्झिनचा, कडेला दिसणारी शिवण नुसती छापलेली, आणि तळाच्या दोन थरांमध्ये पुठ्ठा. पावसात एकदा भिजली की पुठ्ठा फुगतो, गोंद सुटतो आणि तळ तोंड उघडतो. खऱ्या चपलेलाही पाणी मानवत नाही, पण ती वाळवून, तेल देऊन परत पायात येते.

आता हिला स्वस्त म्हणायचं की हलकी? माझ्या मते दोन्ही शब्द तोकडे पडतात. ती दुसऱ्याचं नाव लावून विकली जाते. म्हणून आमच्या घरात तिला डुप्लिकेटच म्हणतात, आणि म्हणताना राग असतो. ज्यांच्या हाताला वादी ओढून घट्टे पडलेत, त्यांच्या पोटावर ती पाय देते.

शहापूरकर

ताई, तुमचं पटलं. मग प्रत्येक शब्दाबरोबर दोषही वेगळ्याच्या माथी जातो. ‘डुप्लिकेट’ म्हटलं की विकणाऱ्याची लबाडी, ‘हलकं’ म्हटलं की बनवणाऱ्याची कसूर. ‘स्वस्तातलं’ म्हटलं की मात्र सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात. आणि घेणारी बहुतेक वेळा महिन्याचा खर्च जुळवणारी बाई असते. तिनं दहा रुपये वाचवले हा तिचा गुन्हा नव्हे. तो माल तिच्या गळ्यात मारला गेला. ‘गळ्यात मारणं’ हा वाक्प्रचार इथं अगदी चपखल बसतो.

अशा दुकानांत हमखास एक पाटी असते, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. भाषेच्या अंगानं बघा, कर्मणी प्रयोग आहे. कोण घेणार नाही, ते सांगितलेलंच नाही, त्यामुळं तो जणू सरकारी नियमच वाटतो. प्रत्यक्षात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उलट लिहिलंय. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली जाते. बिल न देणं हीसुद्धा. तेव्हा बादली असो की चप्पल, पावती मागून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर ‘बादली’ एवढं लिहून तारीख घातली तरी बोलायला जागा राहते.

ताईंच्या शब्दावर एक विचारायचंय. ‘डुप्लिकेट’ला ‘बनावट’ आणि ‘नकली’ आहेत, पण बनावट छापात राहिला आणि नकली दागिन्यांपुरता उरला. अथणी, रायबागकडं चपलेला किंवा कापडाला लागणारा एखादा जुना शब्द कोणाच्या घरात अजून आहे का?