मदत हवी आहे: खालचा होज पाइप फॅन बेल्टला घासतोय, पण उभ्या गाडीत गॅप व्यवस्थित दिसते

नमस्कार मंडळी,

गाडी साठच्या दशकातली, चार सिलिंडरचं इंजिन लांबीत बसवलेलं, पंखा वॉटर पंपावरच. मॉडेल सांगून फारसा उपयोग नाही, कारण इंजिन एका गाडीचं आणि रेडिएटर दुसऱ्याच गाडीचा आहे. त्यात मागच्या महिन्यात मी डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र) काढून त्या जागी अल्टरनेटर बसवला.

रेडिएटरच्या खालच्या तोंडातून पंपाकडे जाणारा होज फॅन बेल्टच्या अगदी जवळून जातो. इंजिन बंद असताना मध्ये 8 मिमी गॅप आहे. चालू करून रेस दिली तरी घासताना दिसत नाही. पण गाडी फिरवून आणली की होजवर चकचकीत पट्टा उमटलेला असतो आणि खाली काळी भुकटी पडलेली असते. आता तिथे नखाला लागेल एवढी खाच पडली आहे.

आतापर्यंतचे उद्योग:

होजला केबल टायने बाजूला ओढून बांधलं. बेल्टपासून सुटला, पण बाक आला तिथे चिमटला आणि तापमानाचा काटा चढायला लागला. टाय कापून टाकला.

मग नालीदार, हवा तसा वाकणारा होज आणला. जुन्या होजमध्ये गंजलेली स्प्रिंग होती, ती फेकून दिली.

बेल्टचा ताण ठीक आहे. सगळ्यात लांब पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबलं की 12 मिमी दबतो.

आता अल्टरनेटरमागे वॉशर घालून बेल्टच थोडा पुढे घ्यावा असं डोक्यात आहे. कोणी केलंय का?

प्रतिसाद १

वॉशरचं डोक्यातून काढा. बेल्टची रेषा क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) आणि पंपाच्या पुलीने ठरते, अल्टरनेटरने त्या रेषेत यायचं असतं. तो एकटा पुढे घेतलात तर बेल्ट तिरका पळेल, किंचाळेल, कडा झिजतील. तिन्ही पुल्यांवर सरळ पट्टी धरून बघा आणि रेष जुळत असेल तर तिथला पाना खाली ठेवा.

ती स्प्रिंग मात्र फेकायला नको होती. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. आरपीएम वाढले की मऊ होज आत चेपतो, पाणी कमी पडतं. स्प्रिंग तेवढ्यासाठीच असते. नवी स्प्रिंग घाला, किंवा त्या वळणाचा साच्यातला जाड होज शोधा. दुसऱ्या गाडीचा लांब होज दोन्ही टोकांनी कापून जमवला तरी चालतो, फक्त मधलं वळण जुळायला हवं. क्लॅम्पचा स्क्रू बेल्टकडे तोंड करून नाही ना, तेही पाहा. बऱ्याचदा घासणारा तोच असतो.

प्रतिसाद २

मला होजपेक्षा इंजिन माउंटिंगचा, म्हणजे इंजिन ज्या रबरी टेकूंवर बसतं त्यांचा, संशय येतोय. न्यूट्रलमध्ये रेस देऊन काही कळणार नाही, कारण मागच्या चाकांवर जोर गेल्याशिवाय इंजिन फारसं कलत नाही. होजचं एक टोक बॉडीला, दुसरं इंजिनला. इंजिन हललं की होजचा मधला भाग सरकणारच. रिव्हर्समध्ये इंजिन उलट बाजूला कलतं, हे विसरू नका.

इंजिन बंद करून होजवर बेल्टच्या समोर मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीचा 5 मिमीचा गोळा चिकटवा. पुढे एक फेरी मारून बघा. मग नवा गोळा लावून रिव्हर्स. हात घालण्याआधी दर वेळी इंजिन बंद आणि किल्ली खिशात!

धागाकर्ता

दोघांचेही आभार. क्लॅम्प बघितला, तो निर्दोष.

मातीचा प्रयोग भन्नाट निघाला. पुढच्या फेरीत गोळा जसाच्या तसा. रिव्हर्सच्या फेरीत अर्धा गायब, उरलेल्यावर बेल्टची सुरेख धार! माझी पार्किंगची जागा उतारावर आहे आणि मी रोज उलटी गाडी चढवतो. म्हणजे दिवसातून एकदा, अर्धा मिनिट घासत होतं आणि मी उरलेला दिवस गॅप मोजत बसलो होतो.

जॅक आणि लाकडी ठोकळा लावून इंजिन हळूच उचललं. एका बाजूच्या माउंटिंगचं रबर लोखंडापासून सुटलेलं, तेल पिऊन फुगलेलं. तेल टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून ठिबकत होतं, तेही बदललं. दोन्ही बाजूंची माउंटिंग नवी टाकली. साच्यातला होज एका बाजूने 20 मिमी कापून बसवला.

आता उभ्या गाडीत गॅप 13 मिमी. रिव्हर्सने चढवल्यावरही मातीला ओरखडा नाही.

फक्त इंजिन वर आल्यामुळे पंख्याची पाती श्राउडच्या (पंख्याभोवतीच्या, रेडिएटरला लावलेल्या आवरणाच्या) वरच्या कडेला फारच जवळ दिसताहेत. श्राउडची भोकं लांबट करून तो वर सरकवावा, की आणखी काही उपाय आहे?

प्रतिसाद २

सरकवाच. आणि माती जपून ठेवा, श्राउडलाही लागेल.